पळणाऱ्या मुलींनो, आधी जेवा

मैदानावर मुली एकमेकींना सगळं सांगतात. टायमिंग किती लागलं, गोळा कुठवर गेला, मेसच्या डब्यात आज काय होतं, घरी लग्नाचा विषय निघाला का. पाळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. काढलाच तर एवढाच, की दोन महिने झाले, आली नाही, बरंच झालं, पळताना कटकट नाही. पोलीस भरतीची तयारी करत होते तेव्हा हे मी ऐकलं. आज एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, आणि भरतीला लागलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी सुट्टीत भेटायला येतात तेव्हाही ऐकते. ऐकलं की मी त्या मुलीला तिथेच बसवून घेते. कटकट गेली असं जिला वाटतंय तिच्या शरीराला पुरेसं अन्न मिळत नाहीये आणि तिची हाडं आतून कच्ची होत चालली असू शकतात. हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मला वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांच्या घरात कुणी भरती केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर आधी ‘ग्राऊंड’ काढावं लागतं. ही ५० मार्कांची मैदानी चाचणी असते. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० मार्क, १०० मीटरचे १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीचे १५. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. मग १०० मार्कांची लेखी. मुलीने ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं की वीसपैकी वीस, म्हणजे आमच्या भाषेत ‘आउट ऑफ’. मेरिट एकेका मार्कावर हुकतं. त्यामुळे शेतकऱ्याच्या, ऊसतोड कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या घरातली मुलगी त्या एका मार्कासाठी स्वतःला किती पिळून काढते, हे राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाच वाजता जाऊन पाहावं.

मी माण तालुक्यातली. ललिता बाबर यांचं मोही आमच्याच तालुक्यातलं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या धावल्या आणि दहाव्या आल्या. आमच्या वडिलांनी मला पहिले बूट घेऊन दिले ते त्यानंतर. बारावी झाल्यावर मी साताऱ्यात खोली घेतली, आम्ही चौघीजणी एका खोलीत. सकाळ-संध्याकाळ अकॅडमीचं मैदान, दुपारी लेखीचा क्लास आणि अभ्यासिका.

साडेचारला उठायचं आणि उपाशीपोटी मैदानावर जायचं. भरल्या पोटी पळता येत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. आठला खोलीवर परत आलं की चहा-बिस्किटं, अंघोळ, लगेच क्लास. डबा उघडायला दुपारचे बारा वाजत. त्यात दोन पोळ्या, पातळ आमटी, भाजी, मूठभर भात. संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री पुन्हा तसाच डबा, त्यातलीही एक पोळी आम्ही ठेवून द्यायचो. कारण सरांनी सांगितलं होतं, वजन उतरव, टायमिंग आपोआप येईल. सर मनाचे चांगले होते. फी थकली म्हणून त्यांनी कुणाला मैदानाबाहेर काढलं नाही. स्वतः शिकताना जे त्यांच्या कानावर पडलं तेच ते आम्हाला सांगत होते.

आणि टायमिंग खरंच आलं. यातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच. अंगावरचे तीन-चार किलो उतरले की पहिले काही आठवडे पाय हलके पडतात, घड्याळातले सेकंद कमी होतात, सर सगळ्यांसमोर पाठ थोपटतात. मुलीला वाटतं वाट बरोबर आहे. वहीत टायमिंग लिहिलेलं असतं. पाळीची तारीख कुणी लिहीत नाही. चिडचिड वाढलीय, रात्री अंग थंड पडतं, केस विंचरताना हातात येतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही, यातल्या कशाचाही संबंध कुणी जेवणाशी जोडत नाही. माझी पाळी आधी लांबली, मग थांबली. त्यानंतर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं.

नडगी भरतीच्या मैदानावर सगळ्यांचीच दुखते. कडक जमिनीवर, झिजलेल्या बुटांनी पळणाऱ्या पोरांना या दुखण्याचं काही वाटत नाही. स्प्रे मारायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचं, फारच झालं तर गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं. एक्स-रे काढला तो स्वच्छ आला, म्हणून सराव चालू राहिला. मग दुखणं एका रुपयाएवढ्या जागेवर येऊन थांबलं. बोट ठेवलं की जीव जायचा. रात्री झोपेतही ठणकायचं. एका सकाळी वळणावर पाय टेकवताच मी खाली बसले आणि उठता येईना. एमआरआय झाला तेव्हा कळलं की नडगीच्या हाडाला तडा गेलाय. पडून किंवा धडकून गेलेला नव्हता. रोजच्या पळण्याने, हाड झिजत झिजत गेलेला.

हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दलचा नव्हता. शेवटची पाळी कधी आली, असं त्यांनी विचारलं. शेजारी आई बसली होती. मला तारीख सांगता आली नाही. आईलाही हे तेव्हाच कळलं, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुसरा प्रश्न होता, दिवसभरात काय खातेस. त्या दोन प्रश्नांनी जे समजलं ते पुढे मी बी.पी.एड. करताना आणि नंतरही वाचत गेले. तेच इथे सांगते आहे.

आपण खातो त्यातली ऊर्जा दोन कामांना लागते. एक पळायला. दुसरं शरीर चालवायला, म्हणजे हृदय, मेंदू, रक्त, हाडं, पाळी या सगळ्यासाठी. पळण्याचं काम आधी होतं, कारण पाय तर आपण हलवतोच. उरलेल्यात शरीराला भागवावं लागतं. उरलं कमी तर जीव वाचवायला जे तातडीचं नाही ते शरीर बंद करत जातं, आणि त्या यादीत मूल होण्याची तयारी पहिल्या नंबरावर असते. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात अ‍ॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळी नियमित असलेल्या तरुण स्त्रियांचं खाणं आणि व्यायाम त्यांनी मोजूनमापून ठेवला. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरींपेक्षा कमी उरल्या, की मेंदूतून पाळीचं चक्र हलवणारे संदेश विस्कळीत होऊ लागले. आणि त्याला महिने लागले नाहीत, ५ दिवस पुरले. सगळं सुरळीत चालायला हाच आकडा ४५ च्या आसपास लागतो. दर मुलीचं शरीर वेगळं, त्यामुळे ३० ही काही दगडावरची रेघ नाही. पण अंदाज येण्यासाठी हिशेब करून पाहू.

मुलगी ५० किलोची धरा. तिच्यात चरबी सोडून साधारण ३८ किलो. दिवसभरात सगळं मिळून १० किलोमीटर पळणं झालं तर जवळपास ५०० कॅलरी त्यात गेल्या, कारण एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. आमच्या डब्याचा आणि चहा-बिस्किटांचा हिशेब नंतर मी करून पाहिला, तो १५०० च्या पुढे काही गेला नाही. पळण्याचे ५०० वजा केले की उरले हजार. ते ३८ किलोंत वाटले तर दर किलोला २६. म्हणजे आम्ही चौघीही, रोज दोन वेळा पोटभर जेवल्यासारखं वाटत असताना, त्या रेषेच्या खाली जगत होतो. भूकही लागत नव्हती. जोरात पळून आलं की भूक मरते, त्यामुळे भुकेवर भरवसा ठेवला तर ही तूट भरून निघत नाही.

हाडाचं काय होतं ते नीट समजून घ्यावं, कारण आईबाप घाबरतात ते फक्त फ्रॅक्चर हा शब्द ऐकून. हाड जिवंत असतं. घराची जुनी भिंत पाडून त्या जागी नवी बांधावी तसं काम त्याच्यात कायम चालू असतं. पळण्याचा ताण वाढला की जिथे ताण पडतो तिथलं जुनं हाड आधी पोखरून काढलं जातं आणि नंतर त्या जागी नवं, जास्त मजबूत हाड भरलं जातं. पाडणं काही आठवड्यांत उरकतं. भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नवीन सराव सुरू केल्यावर मधला काही काळ हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं. त्या काळात ताण वाढवत नेला आणि भरण्यासाठी लागणारं अन्न, झोप, कॅल्शियम दिलं नाही, तर तडा जातो. सैनिकांच्या बाबतीत हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब चालून सुजलेल्या, दुखणाऱ्या पायांची नोंद करून ठेवली होती. मुलींच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड पोखरण्याच्या कामाला आवर घालतं. पाळी बंद झाली म्हणजे इस्ट्रोजेन घसरलं, आवर सुटला. हाडांची बहुतेक कमाई वयाच्या विशीपर्यंत होते. आपल्या मुली भरतीसाठी पळतात त्या नेमक्या याच वयात. तेव्हा गमावलेलं हाड पुढे पूर्ण परत मिळेलच असं नाही.

हे फक्त आपल्या गरीब घरातल्या डब्यांमुळे होतं असंही नाही. मेरी केन ही अमेरिकेची धावपटू शाळकरी वयात सगळ्यांना मागे टाकत होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी कर, आणखी कमी कर या धोशात तिची तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. तिथे प्रशिक्षक, पैसा, डॉक्टर, यंत्रं सगळं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने मांडलं. त्यात मुलगेही आहेत. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटतं, उत्साह जातो, दुखापती वाढतात. त्यांच्याकडे पाळीसारखी सहज दिसणारी खूण नसते, एवढाच फरक.

इथे एका गोष्टीबद्दल मला कडक बोलायचं आहे. पाळी आली नाही म्हणून मुलीला औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या जातात. रक्तस्राव होतो, घरचे निश्चिंत होतात. पण तो रक्तस्राव गोळीने आणलेला असतो. अन्नाची तूट तशीच राहते, हाडाचं नुकसान चालू राहतं, आणि जी एक खूण दिसत होती तीही झाकली जाते. गोळी घ्यायची की नाही हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांनाही आपण किती पळतो आणि किती खातो हे सांगितल्याशिवाय नेमकं कारण कळणार नाही. पाळी थांबायला थायरॉईड, पीसीओएस, गर्भधारणा अशी इतर कारणंही असतात. म्हणून घरच्या घरी निदान नको.

आता खाण्याचं. वरच्या हिशेबातल्या मुलीला ४५ च्या रेषेवर यायला दिवसाला २२०० कॅलरी लागतात, म्हणजे आमच्या डब्यापेक्षा ७०० जास्त. आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात ५० ग्रॅम शेंगदाणे, गुळाचा एक मोठा खडा, एक पेला म्हशीचं दूध आणि एक केळं एवढ्यात तो भरून निघतो. यातली एकही वस्तू आपल्या घरांना अनोळखी नाही. फक्त ती मुलीच्या वाट्याला यावी लागते, हे मी अनेक घरं पाहून सांगते आहे. दूध डेअरीला जातं, उरलेलं भावाला मिळतं, अंडं वडिलांच्या ताटात पडतं. मुलगी मैदानावर पळत असेल तर या घरात आता वाटणी बदलायला हवी.

किती खाल्लं याइतकंच कधी खाल्लं हेही महत्त्वाचं आहे. रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी बाराला डबा उघडणं आणि मध्ये दोन तास मैदान, हा सोळा तासांचा उपास शरीराला सगळ्यात जास्त जाचतो, मग रात्री कितीही खा. पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं किंवा गूळपोळीचा तुकडा बहुतेकींना सोसतो. पहिले काही दिवस जड वाटेल, मग सवय होते. मैदानावरून आल्यावर तासाभरात खरं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, किंवा दूध-पोहे, किंवा मोड आलेली मटकी आणि चपाती. चहा-बिस्किटांना मी खाणं म्हणत नाही.

प्रथिनांवरून मैदानावर सध्या डबे विकणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. पळणाऱ्या आणि गोळा टाकणाऱ्या मुलीला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ५० किलोला ७० ग्रॅम धरू. चार ज्वारीच्या भाकऱ्यांत साधारण २५ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणात १४, दोन अंड्यांत १२, त्या ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, दोन पेले दुधात १५. झाले की ७० च्या वर. अंडं न खाणाऱ्या घरात मटकी, हरभरे, सोयाबीन, घट्ट दही आहेच. कमी पडतं ते वरणात, कारण मेसची आमटी म्हणजे डाळीचं पाणी असतं. चौघी-पाचजणी एका खोलीत राहत असाल तर एक छोटा कुकर घ्या आणि रोज अर्धा किलो डाळ-कडधान्य शिजवा. पावडरीच्या डब्याच्या पैशात महिनाभराचं कडधान्य येतं. हाडासाठी नाचणी विसरू नका. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि दिवसाची गरज १००० ची आहे.

रक्ताबद्दल एक कळकळीची विनंती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया अ‍ॅनिमिक निघाल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला स्नायूंपर्यंत पुरेसा प्राणवायू पोचत नाही. ती कितीही जीव तोडून पळाली तरी शेवटच्या २०० मीटरला पाय शिशाचे होतात, आणि मैदानावर तिला आळशी ठरवलं जातं. तयारी सुरू करण्याआधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. भारतीय शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला तर जास्त लागतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून कितीतरी मुली टाकून देतात. ती जेवून झाल्यावर घ्या, त्रास कमी होतो.

सरावाच्या पद्धतीबद्दल मी मैदानावरच्या सरांशी नेहमी बोलते, आणि त्यांच्यातले बरेचजण ऐकतातही. रोज टायमिंग लावू नका. टायमिंग ही परीक्षा झाली, परीक्षा रोज दिल्याने कुणी शिकत नाही. ८०० मीटरच्या शर्यतीतली निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. ती ताकद वाढते सावकाश, बोलता येईल इतक्या गतीने पळण्यातून. आठवड्यात दोन दिवस जोराचे पुरेत. उरलेले दिवस हलके, एक दिवस पूर्ण सुट्टी. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवेत. बैठका, टाचा उचलणं, पायऱ्या, दोरीवरच्या उड्या याने पोटऱ्या घट्ट होतात आणि नडगीवरचा भार हलका होतो. जोरात पळाल्यावर स्नायूंमधला साठा पुन्हा भरायला नीट जेवण मिळालं तरी जवळपास एक दिवस लागतो. पळताना शरीर फक्त मोडतं. बांधणी होते ती नंतर, जेवल्यावर आणि झोपल्यावर. सुट्टीचा दिवस मुलीने मागितला तर तो आळस समजू नये.

झोपेचे तर फारच हाल आहेत. रात्री साडेअकरापर्यंत लेखीचा अभ्यास आणि पहाटे साडेचारला गजर, म्हणजे पाच तास. २०१४ मध्ये अमेरिकेत किशोरवयीन खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली. इस्रायलच्या लष्कराने नव्या जवानांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर कमी केलं, तेव्हा हाडांना तडे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. खुद्द लष्कराला हे पटलं, तर आपल्या अकॅडम्यांना पटायला हरकत नसावी. अंधारात उठायची सक्ती नसेल तर मैदान सहाला सुरू करा. अभ्यास दुपारी करा. रात्री दहाला दिवे बंद.

उन्हाळ्यातल्या सरावाबद्दल थोडक्यातच सांगते, पण जिवाचा प्रश्न आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुण दगावले. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. गावाहून येऊन थेट भर उन्हात जीव तोडून पळू नये. चक्कर, थंडी वाजल्यासारखं वाटणं, बोलणं अडखळणं दिसलं की त्या मुलाला लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, थांबू नका. दुखण्यावरच्या गोळ्या-इंजेक्शनं घेऊन उन्हात पळणं मूत्रपिंडाला घातक आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा आणि घरी सांगा.

मुली पाणी का पीत नाहीत हेही सांगायला हवं. ज्या मैदानांवर मी पळाले आणि आज मुलींना घेऊन जाते त्यातल्या कित्येक ठिकाणी स्वच्छतागृह नाही, असलं तर त्याला कडी नाही. लघवीला जायला जागा नाही म्हणून मुली पाणी टाळतात. पॅड बदलायला जागा नाही म्हणूनच पाळी गेली तर त्यांना सुटल्यासारखं वाटतं. या एका सोयीवाचून माझं सगळं सांगणं अर्धं राहतं. पाळीत पळता येतं, पोटात दुखत नसेल तर जरूर पळावं. पण त्यासाठी चार भिंती, पाणी आणि कडी असलेलं दार लागतं.

माझं हाड सांधलं. काही आठवडे पळणं पूर्ण बंद होतं, मग चालणं, मग चालता चालता थोडं धावणं. आईने गावाहून शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचं पीठ पाठवलं. वजन वाढलं तशी पाळी परत आली, पण हाडापेक्षा तिला जास्त वेळ लागला. त्या वर्षीची भरती गेली. खोलीतल्या आम्हा चौघींपैकी दोघी आज पोलीस दलात आहेत, आणि त्या दोघींनीही माझ्या पायाकडे पाहून नंतर जेवायला सुरुवात केली होती, हे त्याच सांगतात.

नडगी दुखत असेल तर एवढं पाहा. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर सराव निम्मा करा, बूट बदला, मऊ मातीवर पळा. दुखणं बोटाने दाखवता येईल इतक्या जागेवर असेल, पळताना वाढत असेल, रात्री ठणकत असेल, तर त्याच दिवशी पळणं थांबवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका, हाडाच्या डॉक्टरांना तसं सांगा. दुखणं जांघेत असेल तर एक पाऊलही पुढे पळू नका. तिथे मांडीच्या हाडाची मान असते आणि ती मोडली तर ऑपरेशनवर येतं.

मैदानावरच्या सरांना माझं सांगणं आहे, मुलीचं वजन चारचौघांत काढू नका, आणि टायमिंगच्या वहीत तिला स्वतःसाठी पाळीच्या तारखेचा एक रकाना ठेवायला सांगा. विचारायला संकोच वाटत असेल तर मैदानावर एक ताई ठेवा. आई-वडिलांनो, मुलीला फोनवर टायमिंगच्या आधी सकाळी काय खाल्लंस ते विचारा. आणि मुलींनो, पाळी तीन महिने आली नसेल, किंवा पस्तीस-पस्तीस दिवसांच्या पुढे लांबायला लागली असेल, तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जवळ पैसे नसतील तर उपजिल्हा रुग्णालयात जा. आत गेल्यावर आधी सांगा, मी भरतीची तयारी करते, दिवसाला इतकं पळते आणि इतकं खाते.